पोर्सेलीनचा दातवैद्य

१

जांभळा दिवा लागला आणि मूर्तीच्या तळाशी, जिथे एक क्षणापूर्वी काहीच नव्हतं तिथे, दोन रेघा पांढऱ्याशुभ्र उजळल्या.

पारखीबाईंनी दिवा विझवला, पडदा सारला आणि तळ उजेडात भिंगाखाली धरला. रेघा गायब. पुन्हा पडदा, पुन्हा जांभळा दिवा. रेघा हजर. असा खेळ त्यांनी तीनदा केला, कारण चौकशी अर्धवट करून तोंड उघडायचं नाही हा त्यांचा नियम होता. लिलावाच्या दुकानामागच्या या खोलीत लोक आपली वाडवडिलांची चीजवस्तू घेऊन येत आणि बाई तिचं कूळ आणि वय सांगत. दुकानातले लोक तोंडावर त्यांना पारखीबाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही त्यांना ठाऊक होतं. आजीच्या हिऱ्याला काच म्हणणं हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांना देवमाणूस कोण म्हणणार?

मूर्ती वीतभर उंचीची होती. खुर्चीत तोंड वासून बसलेला रोगी, त्याच्या छातीवर गुडघा रोवून उभा असलेला दातवैद्य, वैद्याच्या हातात पक्कड आणि ओठांवर हसू. ज्याने ही घडवली त्याला माणसं फारशी आवडत नसावीत.

"वस्तू जर्मन आहे आणि खरी आहे," बाई म्हणाल्या. "या निळ्या तलवारी तिथल्या एका नामांकित कारखान्याची खूण. दोन टोकांच्या मधे हा ठिपका दिसतोय? दोन महायुद्धांच्या मधली दहाएक वर्षंच तो घालत. म्हणजे शंभरीच्या अलीकडची मूर्ती. पण या तलवारींवर कारखान्यानेच दोन ओरखडे काढले होते. ज्या मालात खोट निघे त्यावर ते असे ओरखडे काढत. माल आमचाच, पण उतरलेला. सावत्र पोरासारखं: आडनाव मिळतं, मान मिळत नाही. आणि ते ओरखडे नंतर कुणीतरी बुजवलेत."

समोर बसलेली पस्तिशीची बाई मूर्तीची मालकीण होती. घरात तिला धाकटी म्हणत. तिने दिव्याकडे पाहिलंच नाही. ती सारा वेळ पारखीबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कशाने बुजवलेत?" तिने विचारलं.

"दाढ भरतात त्या पांढऱ्या मसाल्याने. खरे दात या दिव्यात चमकतात, म्हणून तो मसालाही चमकणारा बनवतात. तोंडात लबाडी खपते. पोर्सेलीन मात्र असं चमकत नाही. हे करणारा दातांचा डॉक्टर आहे, आणि हाताला गुण असलेला आहे."

धाकटीने मान हलवली. "आमच्या घरात," ती म्हणाली, "सगळेच दातांचे डॉक्टर आहेत."

२

सगळेच म्हणजे अडीच. थोरले डॉक्टर, म्हणजे तिचे वडील, गेल्या महिन्यात वारले होते. दादा त्यांचा दवाखाना चालवत होता. आणि उरलेली अर्धी ती स्वतः, कारण शेवटच्या वर्षाला असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि तिने कॉलेज सोडलं.

"तात्पुरतं सोडलं होतं," ती म्हणाली. "तपभर तात्पुरतं."

"मूर्ती घरात आली कुठून?"

"पणजोबांनी एका जर्मन व्यापाऱ्याची दाढ काढली, त्याने खूष होऊन दिली, असं बाबा सांगायचे."

"पणजोबांच्या वेळी हिची मातीसुद्धा खणली नव्हती. आजोबांनी कुठेतरी स्वस्तात घेतली असेल आणि घरी येताना गोष्ट जोडली असेल. असं सगळ्याच घरांत होतं, मनाला लावून घेऊ नका."

"मी नाही लावून घेत." धाकटीने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते. "बाबा म्हणायचे, घर काय, विटामाती. खरी दौलत ही. जो माझं करेल त्याला मूर्ती, दुसऱ्याला घर आणि दवाखाना. मृत्युपत्रातही तेच लिहिलं. दादाने मला महिनाअखेरीस घर रिकामं करायला सांगितलंय. मूर्ती विकून कुठेतरी दोन खोल्या बघ म्हणाला."

उतरलेल्या मालाला दोन खोल्यांचे दरवाजेसुद्धा येत नाहीत हे पारखीबाईंना माहीत होतं. समोरच्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर या दोन रेघांमधून गळत होतं. पण त्या ते बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आधी कुणाला दाखवली होती?"

"एकदा. बाबांना झटका येऊन वर्ष झालं होतं. कॉलेजने कळवलं की आता परत आलीस तर ठीक, नाहीतर नाव कमी करू. मी ठरवलं की मूर्ती जाणकाराला दाखवायची. खरंच मोलाची असेल तर थांबते, नसेल तर जाते. घरात सगळ्यांना तसं सांगितलंही. मग एक व्यापारी घरी आला, भिंगातून बघितलं, म्हणाला, निर्दोष आहे. मी थांबले."

"तो येण्याआधी मूर्ती घराबाहेर गेली होती?"

"दादा दवाखान्यात घेऊन गेला होता. पकडीचं टोक माझ्या लहानपणीच मोडलं होतं, बाबांनीच जोडलेलं. ते पिवळं पडलंय, नवीन करून आण, असं बाबांनीच त्याला सांगितलं. नाहीतर मूर्तीला कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही. पलंगासमोरच्या टेबलावर असायची, दिवसभर बघत पडायचे. रोज सकाळी मी पुसायला उचलली की ओरडायचे. उजवं अंग गेलं होतं, जीभ नव्हती गेली."

"आणि टोक नवीन झालेलं पाहून काय म्हणाले?"

"झकास झालंय म्हणाले. दादाची पाठ थोपटली, डाव्या हाताने."

पारखीबाईंनी मूर्तीकडे पाहिलं. धाकटी उठली आणि दारात थांबली.

"बाई, ओरखडे कुणी बुजवले हे तुम्ही सांगू शकाल? नाव घेऊन? सगळ्यांच्या समोर?"

मूर्ती कितीला जाईल, हे तिने अजून एकदाही विचारलं नव्हतं.

३

डॉक्टरांच्या, म्हणजे दादाच्या, दवाखान्यात औषधाचा वास होता आणि भिंतीवर हसणाऱ्या तोंडांचे फोटो. डॉक्टर स्वतः मात्र हसरे नव्हते. पारखीबाई तपासणीच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, कारण दुसरी खुर्ची त्यांनी देऊ केली नाही.

"दाढेचा मसाला? मूर्तीच्या बुडाला?" डॉक्टर म्हणाले. "मग उत्तर तुमच्या समोरच आलं होतं की! छोटी शेवटच्या वर्षापर्यंत शिकली आहे. दाढ भरायला दुसऱ्या वर्षीच शिकवतात. तिनेच बुजवलं असणार, भाव वाढावा म्हणून. आता पकडली गेली तर माझ्यावर ढकलतेय. चोराच्या उलट्या बोंबा."

"तुम्ही मूर्ती कधी हाताळली होती?"

"एकदाच. पकडीचं टोक बदलायला. बाबांनी सांगितलं म्हणून. जुनं काढलं, नवीन लावलं, दुसऱ्या दिवशी परत दिली. बाबांना विचारा." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते किंचित हसले. "म्हणजे, आता विचारता येणार नाही."

"तळ बघितला होतात?"

"मी तोंडं बघतो हो, बुडं नाही." स्वतःच्या विनोदावर खूष होत त्यांनी हातमोजे चढवले. "हे बघा, वाईट मलाही वाटतं. बाबांचं तिनेच केलं, नाही कोण म्हणतंय? पण तिला केल्याचं मिळालंय. बाबांनी मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलंय. आता मूर्ती हलकी निघाली तर तो तिच्या नशिबाचा भाग. मी माझं घर का सोडू?"

"तुमच्या बहिणीने लबाडी केली असं तुमचं म्हणणं मी लिहून घेऊ?"

"खुशाल लिहा. पाहिजे तर सही करतो."

माणूस न मागता सही द्यायला निघाला की पारखीबाईंना नेहमी एकच गोष्ट आठवे: झाकली मूठ सव्वा लाखाची. याने मूठ आपणहून उघडली होती. आत काय आहे ते मात्र अजून नीट दिसत नव्हतं. धाकटी शिकलेली होती हेही खरंच होतं, आणि ते त्यांना नाकारता येत नव्हतं.

४

बाहेरच्या टेबलावर डॉक्टरांची बायको रोग्यांच्या वेळा ठरवत बसली होती. धाकटी तिला वहिनी म्हणे आणि दवाखान्यातल्या मुलीही वहिनीच म्हणत. वहिनींना बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"केवढा दवाखाना केला बघा यांनी! सासऱ्यांच्या वेळी काय होतं? एक खुर्ची आणि एक मोरी. सिमेंट म्हणजे भुकटी आणि पाणी, काचेवर कालवायचं आणि पटकन भरायचं. तो निळा दिवा पाहिलात आत? पांढरा मसाला भरला की तो दिवा धरतात, लगेच दगडासारखा होतो. दिव्याशिवाय नुसता चिकट गोळा. सासरे अंथरुणाला खिळले त्यानंतरच आम्ही आणला. ते असते तर आणूच दिला नसता, एवढे चिक्कू!"

"तुमच्या नणंदेने तो वापरला असेल ना कधी?"

"ती? तिने इथे पाऊलसुद्धा टाकलं नाही कॉलेज सोडल्यावर. मला बघवत नाही म्हणायची. आणि सासऱ्यांना सोडून यायची तरी कशी? तासभर दृष्टीआड झाली की घर डोक्यावर घ्यायचे." वहिनी पुढे वाकल्या. "मधे एकदा तिच्या डोक्यात शिरलं होतं, परत कॉलेजला जायचं. मी यांना म्हटलं, ती गेली तर म्हाताऱ्याचं मलाच करावं लागेल, आणि मी नाही करणार. स्पष्ट सांगितलं. माणूस ठेवायचं म्हटलं तरी त्यांचा स्वभाव असा, कोण टिकणार? पण देवाची कृपा, तिचं मन बदललं."

"देवाची कृपा," पारखीबाई म्हणाल्या आणि उठल्या.

खोलीत परत येताच त्यांनी मूर्ती घेतली, पडदा ओढला आणि जांभळा दिवा या वेळी तळावर नाही तर वैद्याच्या हातातल्या पकडीवर धरला. पकडीचं टोक काळं ठिक्कर राहिलं.

बाईंनी दिवा विझवला. आतापर्यंत त्या एकाच चोराच्या मागावर होत्या. आता त्यांना दोन दिसत होते, आणि दुसऱ्याला पकडून आणता येणार नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं खोलीत बसली. डॉक्टर दाराजवळ, कारण त्यांना घाई होती. वहिनी त्यांच्या शेजारी, धाकटी खिडकीपाशी एकटी. मूर्ती मधे.

"वस्तूचं वय काढायला मला सांगितलं होतं," पारखीबाई म्हणाल्या. "ते पाच मिनिटांत निघालं. लबाडीचं वय काढायला दोन दिवस लागले. हा पांढरा मसाला निळ्या दिव्याशिवाय घट्ट होत नाही. तो दिवा दवाखान्यात आला थोरले डॉक्टर आजारी पडल्यावर. म्हणजे त्यांचे हात यात नाहीत. उरली दोन शिकलेली माणसं. धाकटीने तिकडे पाऊल टाकलेलं नाही."

"असं ती म्हणते," डॉक्टर म्हणाले.

"असं तुमच्या बायकोने सांगितलं."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"मूर्ती दवाखान्यात गेली एकदाच, तुमच्याबरोबर. पकडीचं टोक बदलायला. जुनं काढून नवीन लावलं, असं तुम्ही म्हणालात. पडदा ओढा जरा."

धाकटीने पडदा ओढला. जांभळ्या उजेडात तळावरच्या दोन रेघा पांढऱ्या पेटल्या. मग बाईंनी मूर्ती सरळ केली. वैद्याची पक्कड काळी होती.

"टोकावर भुकटी-पाण्याचं जुनं सिमेंट आहे, ते या दिव्यात चमकत नाही. तुमच्या वडिलांच्या हातचं. त्याला कुणी हातही लावलेला नाही. टोकासाठी नेलेल्या मूर्तीचं टोक सोडून तुम्ही तळ भरला. तेही बहिणीने जाणकार बोलवायचं ठरवल्यावर. का, ते वहिनींनी मला सांगितलं. ती गेली असती तर म्हाताऱ्याचं तुम्हाला करावं लागलं असतं."

बाईंनी मूर्ती टेबलावर ठेवली.

"आता दुसरं. थोरले डॉक्टर दिवसभर या मूर्तीकडे बघत पडायचे. स्वतः जोडलेलं टोक ते ओळखत नव्हते? मूर्ती परत आली, टोक तसंच पिवळं, आणि ते म्हणाले, झकास झालंय. पाठ थोपटली. न झालेल्या कामाची शाबासकी माणूस कधी देतो? दुसरं कुठलं काम झालंय हे माहीत असलं की. ओरखडे त्यांना आधीपासून ठाऊक होते. बेत त्यांचा, हात तुमचा."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. लाज वाटली म्हणून नव्हे, एखादा रोगी खूप वेळ खातो तेव्हा टाकतात तसा.

"बाबा म्हणाले, तळाला दोन पोकळ्या आहेत, भरून आण. मी भरल्या. माझा धंदाच तो आहे. आणि सगळ्यांचं भलंच झालं की! बाबांना घरचं माणूस मिळालं, आमचा संसार सुखात चालला, छोटीला एवढी वर्षं घर मिळालं, दोन वेळचं मिळालं. ती कॉलेजला गेली असती तरी असे काय दिवे लावणार होती?"

"अहो, गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

"दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "घर माझ्या नावावर कर. या आठवड्यात."

"वेड लागलंय?"

"नाहीतर दवाखान्याच्या दारात टेबल टाकून बसेन, मूर्ती आणि दिवा घेऊन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवेन की डॉक्टरांनी सख्ख्या बहिणीला काय भरलं. वर बाई सांगतील, हे खरं आहे. सांगाल ना, बाई?"

"विचारलं तर सांगेन," पारखीबाई म्हणाल्या. "खोटं सांगायची मला सवय नाही."

डॉक्टर हसले, मग बायकोकडे वळले, आणि बायकोच्या चेहऱ्यावर त्यांना आपला निकाल दिसला. भिंतीवरची ती हसरी तोंडं दुसऱ्या दवाखान्यात जातील हे वहिनींना त्यांच्याआधी कळलं होतं.

"देऊन टाका," वहिनी म्हणाल्या. "मला कुणाच्या दारात तमाशा नको."

"बाबांची इच्छा..."

"बाबा मेले. देऊन टाका म्हणते ना!"

ती दोघं गेली. जिन्यावर त्यांचं भांडण बराच वेळ ऐकू येत होतं.

६

धाकटी मात्र बसून राहिली. पारखीबाईंनी दिवा गुंडाळून ठेवला, हात पुसले आणि तिच्या समोर खुर्ची ओढली. त्यांना राग आला होता. तो कुणावर आहे हे ठरत नव्हतं, म्हणून तो अधिकच आला होता.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रेघा उजळल्या तेव्हा तुम्ही माझं तोंड बघत होतात. नवीन काही कळणारं माणूस दिव्याकडे बघतं. आणि भाव तर तुम्ही आजवर विचारला नाहीत."

"हो."

"कधीपासून?"

"व्यापारी येऊन गेल्यावर काही महिन्यांनी. पुसताना तळावर नख फिरवलं. पोर्सेलीनवर नख सरकतं, मसाल्यावर किंचित अडतं. आम्हाला तेच शिकवतात, डोळ्यांना कळत नाही ते नखाला कळतं. तोवर कॉलेजने नाव कमी केलं होतं."

"मग मला नुसतं साक्षीदार केलंत?"

"माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? दादा म्हणाला असता, तिनेच केलं. म्हणालाच की."

हे खोटं नव्हतं. पारखीबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे मुखवटे उतरवले होते, पण कुणी त्यांचाच हत्यारासारखा वापर करून घेतल्याची ही पहिलीच वेळ. त्यांना ते झोंबलं, आणि थोडं आवडलंही.

"वडिलांना कळलं होतं का, की तुम्हाला कळलंय?"

"संशय होता. म्हणून तर ओरडायचे." धाकटी सांगायला लागली, आणि सांगताना तिचा आवाज कुठेही चढला नाही. "रोज सकाळी मी मूर्ती उचलायची. त्यांच्या डोळ्यांसमोर उलटी करायची. तळ बघायचा, सावकाश, आणि मग त्यांच्याकडे बघून हसायचं. एक शब्द बोलायचा नाही. ते ओरडायचे, ठेव, ठेव म्हणायचे, घामाघूम व्हायचे. मी ठेवायची आणि त्यांचं तोंड धुवायला घ्यायची. रोज. त्यांना वाटायचं, आज ही बोलणार. आज सोडून जाणार. मी कधी बोलले नाही आणि कधी गेलेही नाही."

खिडकीखालून एक गाडी गेली. पारखीबाईंना पाणी प्यावंसं वाटलं, पण त्या उठल्या नाहीत.

"एवढा राग होता तर जायचं होतंत. कॉलेज नाही तर दुसरं काही. थांबलात कशाला?"

पहिल्यांदाच धाकटीचा चेहरा थोडा हलला.

"तुम्हाला वाटतं मी मूर्तीसाठी थांबणार होते? बाई, मी व्यापाऱ्याला बोलावलं ते जायला निमित्त हवं म्हणून. मला जायला धीर होत नव्हता. बाबा होते ते माझे. मला त्यांचं करायचंच होतं. त्यांनी नुसतं 'थांब' म्हटलं असतं ना, तरी मी थांबले असते. फुकट. जन्मभर. पण त्यांनी मला विचारलंच नाही. त्यांना वाटलं, हिला विकतच घ्यायला लागेल. आणि विकत घेताना मालही हलका दिला."

पारखीबाईंना तिची फार दया आली आणि त्याच वेळी तिची भीतीही वाटली. हळूच त्यांनी विचारलं, "हे त्यांना कधी बोललात?"

"शेवटच्या आठवड्यात. तोवर डावा हातही गेला होता आणि जीभही. फक्त ऐकू येत होतं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं, शब्दन् शब्द. ते रडायला लागले. डोळे माझ्याकडे लावून रडत होते, थांबेनात."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"जेवायची वेळ झाली होती," धाकटी म्हणाली. "मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवले."